खांबाकडे नेम

डॉक्टरांच्या उजव्या हाताची तीन बोटं मेली, तेव्हा धनुर्धर मंडळात टाळ्यांचा कडकडाट झाला.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण मंडळाची रीतच तशी होती. वखारीच्या मागे एक लांबट मोकळी जागा होती, तिथे दर रविवारी सकाळी मंडळी जुन्या पद्धतीची लाकडी धनुष्यं घेऊन जमायची. चाकं, कप्प्या आणि दुर्बिणी लावलेली नवी धनुष्यं त्यांना माहीत होती, आणि ती वापरणाऱ्यांची त्यांना कीव यायची. मंडळाचे प्रमुख तात्या. वखार तात्यांची, जागा तात्यांची, धनुष्यं तात्यांनी तासलेली आणि मतंही तात्यांचीच. त्यातलं सगळ्यांत ठाम मत म्हणजे प्रत्यंचा उघड्या बोटांनीच ओढायची. हातमोजा नाही, बोटांवर कातड्याचा तुकडा नाही, साधी चिकटपट्टीसुद्धा नाही. कातडं मध्ये आलं की बाण आपला राहत नाही, असं तात्या म्हणायचे. मग तो कुणाचा होतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दोरी बारीक, कारण बारीक दोरीला वेग असतो, हे दुसरं मत. धनुष्य कडक, कारण सैल धनुष्य म्हणजे पोरखेळ, हे तिसरं. अशा कडक धनुष्याच्या बारीक दोरीवर वर्षानुवर्षं उघडी बोटं घासली की आधी फोड येतात, मग घट्टे पडतात, मग मुंग्या येतात आणि शेवटी काहीच येत नाही. या शेवटच्या अवस्थेला मंडळात पक्कं होणं म्हणत. वर्षातून एकदा तात्या शिवणाची सुई घेऊन खुर्चीत बसत. उमेदवाराने पाठ करून उभं राहायचं, हात मागे धरायचा आणि तात्यांनी बोटांची टोकं टोचायची. जो 'स्स' करी तो कच्चा, त्याने पुढच्या वर्षी यावं. जो पक्का, त्याला सुई शिरल्याचा पत्ताच नसे.

डॉक्टर त्या सकाळी बराच वेळ पाठ करून उभे होते. शेवटी त्यांनी नम्रपणे विचारलं, "तात्या, सुरुवात कधी करताय?"

तात्यांचं सगळं टोचून झालं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आपल्यानंतर मंडळाची सूत्रं डॉक्टरांकडे जातील, आणि आता आपलं वय झालं असल्याने ती लवकरच, एक चांगला समारंभ करून, पाहुण्यांच्या समोर द्यावीत असा आपला विचार आहे. डॉक्टरांनी बोटांवरचे रक्ताचे ठिपके रुमालाने पुसले आणि मान खाली घालून लाजल्यासारखं केलं.

आता हे डॉक्टर कसले, तर दातांचे. इथे खरी मेख आहे. दातांच्या डॉक्टरला डोळ्यांनी अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं त्याच्या बोटांना दिसतं: दाढ किती हलते, हिरडी कुठे मऊ पडलीये, अवजार कठीणावर टेकलंय की पोकळीत शिरलंय. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला डॉक्टर रोज समजावून सांगायचे की दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, आतली नस मेली की दुखणं थांबतंच. हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं की त्यांच्या स्वतःच्या कानांनी ते कधीच ऐकणं सोडून दिलं होतं.

घरी शर्टाची बटणं आता बायको लावायची. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले की काजं लहान शिवलीयेत. बायकोने काजं मोठी करून घेतली. मग ते म्हणाले की बटणं गुळगुळीत आहेत. तेव्हापासून तिने बोलणं सोडलं आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून खालून वर बटणं लावायला लागली, तीही अशा चेहऱ्याने की डॉक्टरांना तेवढा वेळ छताकडे बघावं लागे.

दवाखान्यात बायको नव्हती. तिथे होत्या मदतनीस बाई. या बाई कमी बोलायच्या, पण नेमक्या वेळी बोलायच्या. एकदा एका जाडजूड गृहस्थांच्या तोंडातला कापसाचा बोळा काढायला डॉक्टरांनी हात घातला, बोळा काही निघेना, म्हणून त्यांनी जरा जोर लावला. गृहस्थ घशातून चमत्कारिक आवाज काढायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, ती त्यांची जीभ आहे."

डॉक्टरांनी खापर हातमोज्यांवर फोडलं. यांची रबरं हल्ली जाड येतात, असं म्हणून त्यांनी दुसरे मागवले. मग तिसरे मागवले. मैदानावर उघड्या बोटांचा कैवारी असलेला हा माणूस दवाखान्यात दिवसभर हातमोजे घालून बसे, आणि यातली गंमत अजून कुणी त्यांच्या नजरेला आणून दिली नव्हती. दोन पेशंटच्या मधल्या वेळात मात्र ते दाराकडे पाठ करून टोकदार सळई स्वतःच्या बोटात खुपसून बघायचे. दुखावं, अशी त्यांची फार इच्छा असायची. रविवारी ज्या गोष्टीसाठी छाती फुगायची, त्याच गोष्टीची सोमवारी धास्ती वाटायची. हे दोन वार त्यांनी एकमेकांना कधी भेटू दिले नाहीत.

अशात त्यांची लेक घरी राहायला आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, आता काही महिने घरी बसून काम करायची मुभा मिळाली होती. येताना तिने सामानात धनुष्य आणलं. तिकडे ती एका प्रशिक्षकाकडे शिकत होती आणि तेही लाकडी धनुष्यच. डॉक्टरांना कोण अभिमान वाटला. पुढच्याच रविवारी ते तिला वखारीमागे घेऊन गेले.

तिने पिशवीतून कातड्याचा पानाएवढा तुकडा काढला आणि तीन बोटांपुढे अडकवला, तेव्हा मंडळी तात्यांकडे बघायला लागली. तात्यांनी मोठ्या मनाने हात हलवला. म्हणाले, मुलगी आहे, पाहुणी आहे, असू दे. मग त्यांनी तिला मैदानाचा नियम समजावला. समोर पेंढ्याचं गोल निशाण होतं. त्याच्या उजवीकडे, चांगलं हातभर अंतर सोडून, एक जुना लाकडी खांब होता. नियम असा, की नेम खांबाकडे धरायचा.

या खांबाचा इतिहास सांगायला हवा. मंडळ सुरू झालं तेव्हा निशाण या खांबालाच बांधलेलं होतं. पुढे सगळ्यांचे बाण थोडे डावीकडे जायला लागले. वाऱ्याचा दोष निघाला, म्हणून एका बाजूला झुडपांची दाट रांग लावली. तरी बाण डावीकडेच. मग जमिनीला उतार असल्याचं ठरलं, म्हणून माती आणून टाकली. तरी डावीकडेच. शेवटी तात्यांनी कुदळ घेऊन निशाणच वीतभर डावीकडे हलवलं, नेम खांबाकडेच ठेवला आणि सगळ्यांचे बाण बरोबर लागायला लागले. काही वर्षांनी ते आणखी वीतभर हलवावं लागलं. मग आणखी. याला मंडळात 'भूमीची ओढ' म्हणत. नव्या माणसाला ती समजायला वेळ लागतो, बोटं पक्की होत जातात तशी ती आपोआप लागू पडते, असा सगळ्यांचा अनुभव होता. अनुभव अगदी खरा होता.

लेकीने खांबाकडे नेम धरला. पहिला बाण खांबात रुतला. दुसरा त्याच्या बोटभर खाली खांबात रुतला. तिसराही खांबातच.

मंडळी प्रेमाने हसली. होईल हळूहळू, असं कुणी म्हणालं. तात्या म्हणाले की पोरीला अजून भूमीची ओढ लागत नाही, कातड्यामुळे असेल. डॉक्टर खाली बघून बुटाने मातीतला खडा उकरत राहिले. लेकीची त्यांना जरा लाज वाटली.

"मी खांबाकडे नेम धरला," लेक म्हणाली, "आणि खांबाला लागला. मग चुकलं कुठे?"

तिने नवा बाण लावला आणि थेट निशाणाकडे नेम धरून सोडला. तो मधोमध लागला. पुढचा त्याच्या शेजारी लागला.

तात्यांनी दोष धनुष्याला दिला. म्हणाले, हलकं धनुष्य आहे, ओढ त्याला काय कळणार. तेव्हा तिने बापाचं धनुष्य मागून घेतलं. ते ओढताना तिचा चेहरा लाल झाला, दंड थरथरला, पण तिने ते हनुवटीपर्यंत आणलं आणि निशाणाकडे नेम धरून सोडलं. बाण निशाणातच लागला. धनुष्य बापाच्या हातात परत देताना ती म्हणाली की हे फार जड आहे, याने माणूस मोडतो.

त्या आठवड्यात मंडळाची तातडीची बैठक वखारीच्या कचेरीत झाली. लाकडाच्या भुशाने भरलेली ती खोली, मधे टेबल, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि बाकांवर दाटीने बसलेले पक्के सभासद. सचिव होते एक वकील. त्यांच्या बुद्धीला कडेकपारीतून वाट काढायची सवय होती. त्यांचं म्हणणं असं की प्रश्न मुलीचा नाही, प्रश्न पायंड्याचा आहे. उद्या जो येईल तो सरळ निशाणाकडे बघायला लागला तर मंडळात आणि रस्त्यावरच्या दगडफेकीत फरक काय राहिला? बाण कुठे लागला यापेक्षा तो कुठल्या मार्गाने लागला हे महत्त्वाचं. तेव्हा त्यांनी ठराव वाचला: खांबाकडे नेम न धरता निशाणात लागलेला बाण हा चुकून लागलेला समजावा.

तात्यांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. सगळ्यांचे हात वर गेले. डॉक्टरांचा हात किंचित उशिरा गेला, पण गेला. समारंभाची तारीख ठरत आली होती, पाहुण्यांना निरोप गेले होते, आणि लेकीच्या बाजूने उभं राहून पदावर पाणी सोडायचं तर निदान दोन दिवस विचार करायला हवा होता. तेवढा वेळ ठरावात नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी हे जरा गोल करून सांगितलं. लेकीने सरळ करून ऐकलं.

"तुझाही हात वर होता, बाबा?"

"सगळ्यांचेच होते गं," डॉक्टर म्हणाले.

ती चिडली नाही. चिडली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. तिने त्यांना मागच्या अंगणात बोलावलं, एका दोरीच्या दोन्ही टोकांना गाठ मारून तिचा वेढा केला, एक बाजू त्यांच्या डाव्या हातात दिली आणि दुसरी बाजू उजव्या हाताच्या तीन बोटांनी, बाण ओढतात तशी, ओढायला लावली. मग म्हणाली, सोड. डॉक्टरांनी सोडली. त्यांचा उजवा हात, चटका बसलेल्या माणसाने झटकावा तसा, चेहऱ्यापासून बाजूला उडाला.

हीच तुमची भूमीची ओढ, असं ती म्हणाली आणि एकेक गोष्ट समजावत गेली. दोरी बोटांच्या टोकांवर टांगायची नाही, पहिल्या पेराच्या खाचेत बसवायची. भार तिन्ही बोटांवर वाटायचा, सगळा तिसऱ्यावर टाकायचा नाही. मनगट आणि हाताची पाठ सरळ ठेवायची, मूठ वळवायची नाही. ओढायचं ते बोटांनी नाही, पाठीने. बोटं म्हणजे फक्त दोरी अडकवायचे आकडे. आणि सोडताना बोटं उघडायची नाहीत, नुसतं धरणं थांबवायचं, दोरी आपली आपण निघून जाते आणि हात गालाला घासून कानामागे जातो. जिथे बोटं बसतात तिथे दोरीला दोऱ्याचे जाड वेढे द्यायचे, वर कातडं घालायचं, आणि पहिली मुंगी आली की त्या दिवसापुरतं धनुष्य खाली ठेवायचं. ज्याच्या बोटांना दोरीच लागत नाही, तो ती सोडणार कशी? तो झटकतोच. जितका पक्का माणूस तितका बाण डावीकडे, आणि तितकं निशाण हलवायचं.

डॉक्टर हुशार माणूस. ते पहिल्या वाक्यालाच समजून चुकले होते. उरलेली वाक्यं त्यांनी आपल्याला समजत नाहीये असा चेहरा करून ऐकली.

मग तिने त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि त्यांच्या उजव्या चिमटीत काहीतरी ठेवलं. डॉक्टर म्हणाले, बटण. तिने ते काढून दुसरं ठेवलं. ते म्हणाले, वाटाणा असेल. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, हे मात्र खडबडीत आहे, खडा आहे. डोळे उघडले तेव्हा चिमटीत काहीच नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने काही ठेवलंच नव्हतं.

बायको दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि ती आत निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून डॉक्टरांना पहिल्यांदा खरी, लपवता न येणारी भीती वाटली.

लेक हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, ही नस दबलीये. आत्ता सोडलंस तर काही महिन्यांनी हळूहळू परत येईल. असंच ओढत राहिलास तर नाही येणार. आणि तोवर तू लोकांच्या तोंडात हात घालू नकोस."

डॉक्टर म्हणाले, समारंभ होऊ दे. एकदा सूत्रं हातात आली की मी स्वतः मंडळात कातडं आणीन, हळूहळू, सगळ्यांना बरोबर घेऊन. समारंभात एकच बाण मारायचा आहे, तोही खांबाकडे नेम धरून. आणि दवाखान्याचं म्हणशील तर डोळे आहेत ना मला. लेकीने दोरी गुंडाळली आणि ती आपल्या कामाला लागली. पुढच्या रविवारी डॉक्टर एकटेच मैदानावर गेले, आणि सरावात त्यांचे सगळे बाण निशाणात लागले. तात्यांनी त्यांची पाठ थोपटली.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात, सकाळी दवाखाना उघडताच, तात्या आले. डोक्यावरून हनुवटीखाली पंचा बांधलेला, एक गाल फुगलेला, आणि डोळे असे की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं कुठल्याही विषयावर मत नव्हतं. बाकावर एक शिक्षिका आधीपासून नंबर लावून बसल्या होत्या. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत जाऊन खुर्चीत आडवे झाले. मदतनीस बाईंनी त्यांच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवला आणि दिवा तोंडावर वळवला.

दाढ आतून सडली होती. काढायला हवी होती, आणि अवघड जागी होती. डॉक्टरांनी धीर दिला, बधिर करायची सुई देतो, काही कळणार नाही, असं म्हणाले आणि हात धुवायला कोपऱ्यातल्या नळाकडे वळले. गरम पाण्याचा नळ त्यांनी पूर्ण सोडला. थंडीचे दिवस होते. पाण्यातून वाफ उठायला लागली, वरचा आरसा धुरकटला. डॉक्टर उजव्या हाताची बोटं त्या धारेखाली धरून, समारंभाला हार कुणाच्या हस्ते घालायचा याबद्दल सावकाश बोलत होते. बोटं लालभडक झाली होती.

तात्या खुर्चीतून हे बघत होते. त्यांनी वाफेकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा अगदी प्रसन्न होता.

बाईंनी पुढे होऊन नळ बंद केला. डॉक्टरांनी हात पुसले, हातमोजे चढवले, सुई भरली आणि ते खुर्चीवर वाकले. तात्यांनी तोंड मिटून घेतलं.

"डॉक्टर," ते दातांच्या फटीतून म्हणाले, "दाढ कुठली नि हिरडी कुठली, हे तुझ्या बोटांना कळतंय ना?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, तात्या कौतुक करतायत. "तात्या, सुई तुम्हीच टोचलीत. पक्का म्हणून तुम्हीच जाहीर केलंत."

"ते मैदानावर," तात्या म्हणाले. "हे माझं तोंड आहे."

डॉक्टरांच्या हातातली सुई तशीच राहिली. मग तात्यांनी पुन्हा विचारलं, कळतंय की नाही, ते सांग. त्यांच्या आवाजात प्रमुखपण अजिबात नव्हतं. एक म्हातारा माणूस घाबरून विचारत होता, आणि त्याला खोटं सांगणं डॉक्टरांना जमलं नाही.

ते म्हणाले, "नाही कळत."

वयाच्या मानाने तात्या फार चटकन उठले. समोरच्या गल्लीत एक तरुण डॉक्टरीण होती, तिच्याकडे जातो म्हणाले. तिने कधी धनुष्याला हात लावला नाही ना, एवढी त्यांनी बाईंकडून खात्री करून घेतली. दारापाशी थांबून त्यांनी वळून सांगितलं की याचा समारंभाशी काही संबंध नाही, ते सगळं ठरल्याप्रमाणे होईल, डॉक्टरने मनाला लावून घेऊ नये. गळ्यातला कागदी रुमाल तसाच ठेवून ते जिना उतरले.

डॉक्टर खुर्चीजवळच्या स्टुलावर बसले. आधी त्यांना राग आला, तो तात्यांचा. माणसाने इतकं दुतोंडी असावं? मग तो राग हळूहळू बसला आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं. तात्यांना माहीत होतं, म्हणून तात्यांनी विचारलं. तात्या सुईवाले होते. बाकीच्यांना कुणी सांगितलं होतं? या खुर्चीत रोज माणसं आडवी होत होती, डोळे मिटून, जबडा उघडून, डॉक्टर आहेत म्हणून विश्वासाने. त्यातल्या एकालाही उठून समोरच्या गल्लीत जायची संधी त्यांनी दिली नव्हती. लाजेने त्यांचे कान तापले.

त्यांनी हातमोजे काढले आणि ते बाहेर आले. बाकावरच्या शिक्षिका उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता, तो त्यांनी काखेत धरला.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "माझ्या या बोटांना काही कळत नाही. बरेच महिने झाले. तुम्ही समोरच्या गल्लीत दाखवा. मी आजपासून दवाखाना बंद ठेवतोय, बोटं सुधारेपर्यंत."

मदतनीस बाईंनी आतून हे ऐकलं आणि दिवा विझवला. शिक्षिकांची जीभ गालाच्या आतून फिरताना दिसली. ती मागे गेली, एका जागी थांबली, तिथेच चाचपत राहिली.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "मागच्या महिन्यात माझी दाढ काढलीत, ती दुखणारीच होती ना?"

डॉक्टरांना ती दाढ आठवतच नव्हती. आठवावी असं बोटांत काही शिल्लकच नव्हतं. त्यांनी शिक्षिकेला खिडकीपाशी उजेडात यायला सांगितलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ते वाकले. मोकळी जागा सापडली. तिच्या पुढची आणि मागची दाढ त्यांनी नीट न्याहाळली, डोकं एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलतं करून. मग त्या दिवसापासून तिथलं दुखणं थांबलं का, आणि इतर कुठे सुरू झालं का, असं विचारलं. शिक्षिका तोंड उघडं ठेवूनच म्हणाल्या की थांबलं, आणि कुठे नाही. आज त्या दुसऱ्याच बाजूच्या दाताचं विचारायला आल्या होत्या.

दाढ बरोबर निघाली होती. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांना खिडकीची चौकट धरावी लागली. एवढ्या वर्षांची प्रॅक्टिस झालेला माणूस, आणि बरोबर दाढ काढली म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.